पिणाऱ्याकडे बघायचं नाही

१

माईंच्या घरात पाणी चोरून प्यायची रीत होती. पाण्याची टंचाई होती म्हणावं तर तसंही नाही. घरच्या कर्त्या माणसानं जन्मभर लोकांच्या घरी नळ जोडले होते. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, आणि लग्नानंतर माईही तसंच म्हणू लागल्या, आधी चेष्टेनं आणि मग सवयीनं. पण गेल्या वर्षी मिस्त्रींचं हृदय थकलं. डॉक्टरांनी माईंना समोर बसवून समजावलं, की प्यायलेलं पाणी यांच्या अंगातून आता पुरतं बाहेर पडत नाही, साठून राहतं. आधी पायांत उतरतं, मग पोटात, आणि शेवटी फुफ्फुसात. फुफ्फुसात गेलं तर काय, हे माईंनी विचारलं नाही आणि डॉक्टरांनीही आपणहून सांगितलं नाही.

तेव्हापासून पाणी मोजून. सकाळी उठल्यावर माई फ्रिजच्या दारातल्या नळाखाली झाकणाचा जग धरत. मागच्या खटक्याला जग टेकवला की आत कुणीतरी गुणगुणल्यासारखा आवाज होई आणि बारीक धार लागे. जगावर मिस्त्रींनीच खिळ्यानं एक रेघ ओढून ठेवली होती. त्या रेघेपर्यंतचं पाणी दिवसभर पुरवायचं. शिवाय एक वाटी बर्फ, कारण बर्फाचा खडा जिभेवर धरून ठेवला तर घोटभर पाण्यात बराच वेळ निभावतं. मिस्त्री त्याला ‘माझा खाऊ’ म्हणत. वाटी आली की लहान मुलासारखे सावरून बसत. माईंना त्याचं हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

हा फ्रिज मुलानं हौसेनं आणला होता. दारातच पाणी, दारातच बर्फ, खडे हवेत तर खडे, चुरा हवा तर चुरा. पण त्याची पाण्याची नळी दुसऱ्या कुणी जोडलेली मिस्त्रींना चालली नसती. त्यांच्या हातचं ते शेवटचं काम. नळीची चव जाईपर्यंत त्यांनी बादल्या भरभरून पाणी ओतून दिलं, पहिला बर्फही कुणाला तोंडाला लावू दिला नाही. फ्रिजमागचा कॉक त्यांनी पूर्ण उघडला आणि मग किंचित मागं घेतला. घरातले सगळे कॉक तसेच असत. “ताणून ठेवला की चिकटून बसतो,” ते म्हणत, “मग वेळेला फिरत नाही.” त्यांची आणखी एक खोड होती. पाणी पिऊन झालं की ग्लास उपडा ठेवायचा. जेवताना कुणी पुन्हा ओतायला आलं की त्या उपड्या ग्लासाकडे बोट दाखवायचं, तोंडानं बोलायचं नाही.

चोरून प्यायची रीत मात्र माईंनी पाडली. मुलगा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करी. एकदा उन्हातून आला आणि बापाच्या खाटेसमोर उभं राहून त्यानं गार पाण्याची बाटली तोंडाला लावली. बाटली संपेपर्यंत मिस्त्री मुलाच्या गळ्याकडे बघत राहिले, आणि माई मिस्त्रींकडे. त्या दिवसापासून ठरलं. पाणी प्यायचं ते स्वयंपाकघरात, पडदा ओढून. फ्रिजचा आवाज आला की बाकीच्यांनी मान खाली घालायची. पिणाऱ्याकडे बघायचं नाही, त्याला हाक मारायची नाही, कोण आहे म्हणून विचारायचंही नाही. पाणी हा विषयच काढायचा नाही.

“माई, आपल्यापेक्षा दारुड्याचं घर बरं,” सून एकदा म्हणाली होती. “तिथं निदान उघड पितात.” तेव्हा खाटेवरचे मिस्त्रीसुद्धा हसले होते.

२

माईंचं शिवणाचं मशीन स्वयंपाकघर आणि मिस्त्रींची खोली यांच्या मधल्या बोळात होतं. लोकांच्या खिडक्यांचे पडदे त्या शिवून देत. मिस्त्री डोळ्यांसमोर राहावेत म्हणून तोंड त्यांच्या खोलीकडे आणि पाठ स्वयंपाकघराकडे करून बसत. हातानं टीप घालताना बोटावर अंगुस्तान घालत, सुई टोचू नये म्हणून असते ती धातूची टोपी. ती त्यांच्या मावशीची. माईंच्या बोटाला पहिल्यापासून सैल होती, म्हणून आत कागदाचा कपटा सारलेला असे.

दुपारी घर शांत होई. सून जवळच्याच चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुकान दुपारी बंद राही, त्या वेळात ती मागच्या दारानं घरी येई, पाणी पिई आणि जिन्यानं वर जाऊन पाठ टेके. माईंना मागून फ्रिजची गुणगुण ऐकू येई, मग धार, मग ग्लास ठेवल्याचा आवाज. त्या मान खाली घालत. कधी बर्फही पडे. फ्रिजच्या आतलं यंत्र आपल्या वेळेनं बर्फ तयार करून खालच्या ड्रॉवरमध्ये टाकी, तो खडखडाट सुरुवातीला दचकवायचा. मग सवय झाली.

अशाच एका दुपारी माई वाटी उचलायला मिस्त्रींच्या खोलीत गेल्या. वाटीत पाणी होतं. बर्फ जसा दिला तसाच विरघळला होता, एकही खडा कमी झालेला दिसत नव्हता.

“अहो, खाऊ तसाच राहिला की तुमचा,” माई म्हणाल्या.

“नको वाटला आज.”

“तहान नाही लागली?”

मिस्त्रींनी जरा विचार केला. “लागली होती,” ते म्हणाले. “भागली.”

माईंना इतकं बरं वाटलं, की त्यांनी वाटीतलं पाणी कुंडीत ओतताना देवाचे आभार मानले. वर्षभर हा माणूस तहानेनं झोपेत ओठ चाटत होता. आता औषध लागू पडतंय असं त्यांना वाटलं.

३

त्यानंतर जगही अर्धा भरलेला परत येऊ लागला. मिस्त्री शांत झाले होते. पूर्वी नळाचा आवाज आला की ते कूस बदलत, आता डोळे मिटून पडून राहत. चेहरा भरल्यासारखा दिसे. शेजारची बाई येऊन म्हणून गेली, “मिस्त्री सुधारले हो.” माईंनी त्या दिवशी तिला चहा पाजला.

पण एका संध्याकाळी मिस्त्रींचे मोजे काढताना माईंचा हात थबकला. मोज्याची कड पायात रुतली होती. काढल्यावर तिथं खोल वळ राहिला. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला, तो भरून यायला वेळ लागला. मुलाला हाताशी घेऊन वजनाच्या काट्यावर मिस्त्रींना उभं केलं तर काटा कुठल्या कुठे गेला होता.

त्याच आठवड्यात फ्रिजच्या दारावरचा लाल दिवा लागला. पाण्याची गाळणी बदला, असं सांगणारा तो दिवा. मुलगा चक्रावला. “आत्ताच तर बदलली होती मी. हा दिवा किती पाणी गेलं त्यावर लागतो. घरात एवढं पाणी पितंय कोण?”

तो सहज बोलून गेला. या घरात तो प्रश्न विचारायचा नसतो, हे त्याच्याही ध्यानात आलं आणि तो गप्प बसला. माईंना वाटलं सून पीत असेल, सुनेला वाटलं माई. आणि कोण पितंय याची चौकशी करणं म्हणजे कुणाच्या घोटावर नजर ठेवणं. ते तर माईंनीच बंद केलेलं.

डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. जाताना दारात थांबून त्यांनी आवाज चढवला. “कोणीतरी यांना पाणी देतंय. दया म्हणून देत असाल, पण ही दया नाही. छातीत खाली पाणी ऐकू येतंय मला. आणखी चढलं तर आपल्या हातात राहणार नाही.”

माईंनी जिन्याचा कठडा धरला. मिस्त्रींना वाचवण्यासाठी त्यांनी अख्ख्या घराला तहान लपवायला शिकवलं होतं. आणि तरी पाणी पोचलं होतं.

४

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिघं स्वयंपाकघरात दार लावून बसले. मुलगा आईच्या नजरेला नजर देत नव्हता.

“माई, रागावू नकोस. पण दिवसभर तूच असतेस त्यांच्याजवळ.”

“म्हणजे मी देते?” माई म्हणाल्या. “अरे, रेघेच्या वर थेंब गेला तर मी परत ओतते. माझ्या हातानं मी त्यांना मारीन?”

“तसं नाही म्हणत मी. बाबांनी मागितलं तर तुझ्यानं नाही म्हणवणार नाही, एवढंच.”

“ते मागतच नाहीत. कधीपासून मागत नाहीत.” माई सुनेकडे वळल्या. मनात होतं ते बोलायचं नाही असं ठरवूनही त्या बोलल्या. “तू मऊ मनाची आहेस. दुपारी पाणी प्यायला येतेस तेव्हा एखादा ग्लास मागच्या दारानं त्यांच्या खिडकीशी...”

“मी?” सून उडालीच. “अहो माई, मी दुपारची येते कुठे? दुकान आता मधे बंदच नसतं. मी डबा नेते की! निघताना सांगितलं होतं तुम्हाला, मशीन चालू होतं, तुम्ही हं हं म्हणालात.”

“कधीपासून?”

“झाले की बरेच दिवस. उन्हाळा लागला तेव्हापासून.”

सगळ्या दुपारी माईंना आठवल्या. पाठीमागची गुणगुण, धार, ग्लास ठेवल्याचा आवाज. प्रत्येक वेळी त्यांनी सुनेसाठी मान खाली घातली होती. एकदा तर पिणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून मशीन मुद्दाम जोरात चालवलं होतं.

“मग दुपारी पितं कोण?” माई म्हणाल्या.

“बाबाच उठत असतील,” मुलगा म्हणाला. पण मिस्त्रींना दोघांनी धरल्याशिवाय खाटेवरून पाय खाली सोडता येत नव्हते, आणि स्वयंपाकघराकडे यायचं तर माईंच्या मशीनवरूनच यावं लागे. हे तिघांनाही ठाऊक होतं. मग फ्रिजमध्ये बर्फ पडला आणि तिघंही, एकमेकांकडे न बघता, खाली बघू लागले.

५

माई बुजणाऱ्यातल्या नव्हत्या. लोकांच्या बंद घरांत एकट्यानं जाऊन खिडक्यांची मापं घेणारी बाई ती. घरात काही वावरतंय वगैरे गोष्टी त्यांनी कधी मनाला लावून घेतल्या नव्हत्या. यंत्र आहे, बिघडलं असेल. खटका अडकत असेल, पाणी आपोआप सुटत असेल. पण मग नळाखालची ताटली ओली हवी. ती कोरडी ठणठणीत होती. पाणी सुटत होतं आणि कुठेतरी जात होतं.

सकाळी त्यांनी फ्रिजच्या दारावरचं, नळ बंद ठेवणारं कुलपाचं बटण दाबून ठेवलं. मग फ्रिज जरासा ओढून मागं हात घातला आणि कॉक फिरत नाही असा घट्ट बंद केला. मनगट दुखेपर्यंत आवळला. मिस्त्रींचा जग त्यांनी मोरीतल्या नळावर भरला.

दिवसभर मागं आवाज नव्हता. माईंची पाठ जरा सैल झाली. दुपारी मिस्त्री मात्र अस्वस्थ झाले. जग संपवला, वाटीतला बर्फ कुडकुड चावून संपवला आणि ओठ चाटू लागले, पूर्वीसारखे. ते बघून माईंना रडू आलं, पण त्या रडण्यात सुटकाही होती. तहान लागतेय, म्हणजे माणूस आपल्याकडे परत आला.

“अगं,” मिस्त्रींनी हाक मारली. माई खाटेपाशी जाऊन बसल्या. मिस्त्री त्यांच्याकडे नाही, स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत होते. “त्याचं पाणी का बंद केलंस?”

“कुणाचं हो?”

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर ओशाळेपणा होता, चोरी पकडली गेल्यावर असतो तसा. त्यांनी माईंचा हात हातात घेतला आणि अंगठ्यानं त्यावरच्या शिरा चोळत राहिले. “फार तहानलाय गं तो,” एवढंच म्हणाले.

मिस्त्रींना झोप लागल्यावर माई मशीनवर येऊन बसल्या, पण शिवण पुढे सरकेना. शेवटी उठल्या, फ्रिजमागं हात घातला आणि कॉक चाचपला. कॉक उघडा होता. पूर्ण उघडून किंचित मागं घेतलेला.

माईंनी हात मागं ओढला आणि पदराला पुसला, काही लागलं नव्हतं तरी. घरात कॉक असा उघडणारा माणूस एकच होता आणि तो आतल्या खोलीत झोपला होता. नळाखालच्या ताटलीत एक ग्लास ठेवलेला होता, उपडा.

६

पुढच्या दिवशी मिस्त्रींचा श्वास लागला. सपाट झोपवलं की गुदमरत, म्हणून मुलानं पाठीशी उशा रचल्या. दवाखान्याची गाडी सांगितली होती. मुलगा कामावर गेला नव्हता, सूनही घरीच थांबली होती. भर दुपारची वेळ, खिडकीतून ऊन सरळ खाटेवर पडलं होतं, आणि माईंनीच शिवलेला पडदा वाऱ्यानं आत येऊन खाटेला शिवून जात होता.

“गाडी निघालीय,” मुलगा म्हणाला. “आलीच आता. बाबा, थोडा धीर धरा.”

मिस्त्रींनी डोळे मिटूनच मान हलवली. सून पायांशी बसून त्यांचे तळवे चोळत होती. माई उशाशी होत्या.

तेवढ्यात स्वयंपाकघरात गुणगुण सुरू झाली.

मुलानं मान खाली घातली. सुनेनंही घातली, हात तसेच तळव्यांवर. इतक्या दिवसांची सवय, अंगात भिनलेली. धार लागल्याचा आवाज आला. ग्लास भरत गेला की धारेचा सूर बदलतो, तसा तो बदलला. आणि मग माईंना दिसलं, की मुलाच्या मानेवरची शीर ताठ झाली आहे. त्याला कळलं होतं. सुनेलाही कळलं होतं. घरात होती नव्हती तेवढी सगळी माणसं या खोलीत होती. पण दोघांपैकी कुणीच डोकं वर करेना. त्यांना ते जमलंच नसतं.

माईंनी मात्र मान खाली घातली नव्हती. त्या मिस्त्रींकडे बघत होत्या. मिस्त्रींचे ओठ मिटलेले होते. बाहेर धार थांबली, क्षणभर शांत झालं, आणि मिस्त्रींच्या गळ्याची घाटी वर गेली. खाली आली. पुन्हा वर गेली. मोठमोठे घोट, उन्हातून आलेला माणूस घेतो तसे. ओठ कोरडे होते आणि गळा पीत होता.

“मी बंद करून येते,” माई म्हणाल्या. हे त्या कुणाला म्हणाल्या ते त्यांनाही कळलं नाही. त्या उठल्या.

७

बोळ ओलांडताना त्यांनी मनाशी शब्द ठरवले होते. बास करा. ओरडून म्हणायचं, नाव घेऊन म्हणायचं, म्हणजे जे काही आहे ते थांबेल. स्वयंपाकघराचा पडदा ओढलेला होता. रीतच होती ती. माईंनी कापड धरलं आणि हाताच्या रुंदीएवढं बाजूला सारलं.

पाठमोरा माणूस दिसला. कामाचा राखाडी सदरा, कॉलरपाशी रफू केलेला. ते रफू माईंच्याच हातचं, राखाडी दोरा संपला म्हणून निळ्या दोऱ्यानं घातलेलं, आणि त्यावरून मिस्त्रींनी त्यांना वर्षभर चिडवलेलं. रुंद खांदे. मान मागं टाकलेली, कोपर वर उचललेला. आणि पाय. पाय सरळ होते, घोट्यांना सूज नव्हती, कुठे टेकायला लागत नव्हतं. माणूस आपल्या पायांवर उभा राहून पोटभर पाणी पीत होता.

माईंना आधी भीती वाटायला हवी होती. पण आधी आनंद झाला. इतका आनंद, की त्यांनी पडद्याचं कापड मुठीत आवळून धरलं. मिस्त्रींना असं उभं बघून किती काळ लोटला होता. या पाठीमागून त्या बाजारात चालल्या होत्या, या खांद्यावर मुलगा बसून जत्रा बघायला गेला होता. ओठांवर आलेले शब्द तिथंच राहिले. पिऊ दे, त्यांना वाटलं. वर्षभर तहानलेला आहे. एवढा ग्लास संपेपर्यंत पिऊ दे.

त्या बघत राहिल्या.

ग्लास खाली आला. तो उलटला आणि ताटलीत उपडा ठेवला गेला. खांदे किंचित हलले, वळायला लागल्यासारखे, आणि माईंची मान आपोआप खाली गेली. रीत त्यांनीच पाडली होती. फरशीवर ऊन होतं. फ्रिजचं मशीन थांबल्याचा तो नेहमीचा झटका बसला आणि शांतता झाली.

“माई!” आतून मुलानं हाक मारली. “माई, लवकर ये!”

त्या गेल्या तेव्हा मुलगा बापाचे खांदे धरून हलवत होता आणि सून भिंतीकडे तोंड करून उभी होती. “आत्ता होते गं,” मुलगा म्हणाला. “मी जरा मान खाली घातली, एवढंच. जरा खाली घातली...”

मिस्त्रींच्या ओठांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळून उशीवर उतरलं होतं. माईंनी ते पदरानं टिपलं. उन्हात तापलेल्या त्या खोलीत उशी हाताला गारठा लावणारी होती. चेहरा मात्र तृप्त होता, पान वाढल्यावर पोटभर जेवून उठलेल्या माणसाचा.

डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात पाणी भरलं. ते खरंच होतं. ते थंड का होतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

८

मुलाला तो फ्रिज घरात नको होता. माईंनी ठेवून घेतला. नळीचा कॉक तरी बंद करू दे म्हणाला, तर माई त्याच्यावर ओरडल्या. आईनं असं ओरडलेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. मग त्यानं विषय सोडला.

आता घरात सगळे उघड पाणी पितात. जेवायच्या टेबलावर तांब्या असतो. सुरुवातीला मुलगा आणि सून ग्लास उचलताना चोरट्यासारखे इकडेतिकडे बघत, मग तेही गेलं. दिवसभर दोघं कामाला जातात. माई बोळात मशीनवर बसतात, मिस्त्रींच्या रिकाम्या खोलीकडे तोंड आणि स्वयंपाकघराकडे पाठ करून. खोलीकडे तोंड करण्याचं आता काही कारण नाही, सून म्हणालीही, खिडकीपाशी बसा, उजेड बरा आहे. माई नको म्हणाल्या.

दुपारी गुणगुण सुरू होते. धार लागते. माई मान खाली घालतात आणि टीप घालत राहतात. वळून बघावं असं रोज मनात येतं. पण त्या दिवशी बघितलं तेव्हा तो वळायला लागला होता, आणि वळल्यावर तिथं कुणाचा चेहरा असेल हे माईंना ठाऊक नाही. पाठ मात्र ठाऊक आहे. न बघताही ती पाठ सरळ उभी असते, निळ्या दोऱ्याच्या रफूसकट. तेवढं त्यांना पुरतं. संध्याकाळी ताटलीतला उपडा ग्लास त्या धुतात आणि सुलटा करून परत तिथंच ठेवतात.

काल त्यांनी एका मोठ्या पडद्याची किनार हातानं घालायला घेतली. डब्यातून अंगुस्तान काढलं, बोटात सारलं, आणि ते पेरावरच अडलं. आतला कागदाचा कपटा काढून टाकला. तरी जाईना. जन्मभर सैल असलेली मावशीची टोपी. माईंनी ती थोडा वेळ तळहातावर धरली, मग डब्यात परत ठेवली आणि उघड्या बोटानंच सुई ओवली.

तेवढ्यात सुनेचा दुकानातून फोन आला. “माई, ऊन फार आहे आज. पाणी पिताय ना नीट? तुमच्या लक्षात राहत नाही.”

“अगं हो,” माई म्हणाल्या. सकाळपासून त्यांनी घोटभरही घेतलं नव्हतं. त्यांनी जिभेनं ओठ चाचपले. ओठ कोरडे होते, पण घसा ओला होता, आत खोलवर गार.

“माई? तहान लागली की लगेच प्या हं. वाट बघत बसू नका.”

“लागली होती,” माई म्हणाल्या. “भागली.”